विस्तव मागायला आलेले

होडीच्या मधोमध वाळू, वाळूवर मातीचा थर,
मातीवर विस्तव.
आई वल्हं मारायची, बाप पुढे भाला धरून वाकलेला,
आणि मी, आशीगाकिपा, सात-आठ हिवाळ्यांची.
मला काम एकच:
त्याला मरू द्यायचं नाही.

आम्ही यामाना. आमच्या पलीकडे दक्षिणेला
फक्त वारा राहतो.
पाऊस आडवा यायचा त्या खाडीत.
मी त्याच्यावर ओणवी व्हायची,
पाठ भिजली तर भिजो, पोटाखाली जाळ हवा.
पापण्या कितीदा करपल्या, मोजल्या नाहीत.

मग ते आले.
त्यांच्या जहाजावर तीन झाडं, एकालाही पान नाही.
काका म्हणाला, एवढं लाकूड आणि धूर कुठेच नाही,
ही माणसं कच्चंच खात असणार.

वादळात त्यांची चूल विझली होती.
हे नंतर कळलं. आधी दिसलं ते एवढंच:
सहा जण किनाऱ्यावर उकिडवे,
दगडावर लोखंड आपटतायत,
ठिणगी पडते आणि ओल्या चिंधीत बुडून जाते.
बोटं निळी. एकाच्या दाढीत बर्फाचे मणी.
एवढे कपडे घालून माणूस इतका गारठतो कसा?
आम्ही उघड्या अंगाने हसलो.

पलीकडच्या बेटाशी आमचा विस्तव जात नव्हता.
भांडण जुनं, वाहून आलेल्या एका देवमाशावरून.
पण हे कुठल्या बेटावरचे?
यांच्याशी तर आमचं अजून भांडणही नव्हतं.
आईने होडी खडकाला लावली.
म्हणाली, दे.

शिणाण्याचा सगळ्यात मोठा शिंपला घेतला मी,
तळाला राख, राखेवर निखारा, वर पुन्हा राख,
आणि चालत गेले.
डांबराचा वास, आंबलेल्या कातड्याचा वास.
दाढीत बर्फवाला पुढे झाला. वाउटर,
अशी इतर त्याला हाक मारत.
त्याने ओंजळ केली,
पाणी घ्यावं तशी.

आई मागून ओरडली: जपून!

तो हसला. निखाऱ्याकडे बोट केलं, म्हणाला: जपून.
मग छातीपाशी हात घालून पानांचं एक पुडकं काढलं,
त्यावर एक काळी मुंगी चालवली,
पुन्हा म्हणाला: जपून.

म्हणजे त्यांच्याकडे, कुठेतरी, त्या पानात
आमच्या विस्तवाचं नाव
जपून आहे.
ते नाव कुणी दुरुस्त केलं नाही.

मला त्याने पितळी बटण दिलं.
मी ते जाळात टाकून पाहिलं,
हिरवी जीभ बाहेर आली
आणि आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

तीन रात्री त्यांचा जाळ आमच्या जाळासमोर होता.
रात्री कुणीतरी तिकडे गायचं, बेसूर, लांबलचक.
बाप म्हणायचा, आजारी असेल.
चौथ्या सकाळी वारा कोरडा झाला. ते गेले,
जाळ तसाच मागे टाकून.
दुपारपर्यंत डोंगराने तो घेतला.
बीचची ती झाडं, त्यांची साल
पुढच्या होडीसाठी राखून ठेवली होती आम्ही.
राख झाली.

काकाने विचारलं, दिलात कशाला?
आई म्हणाली, मागितला.
त्यानंतर त्या दोघांत कित्येक हिवाळे
हेच दोन शब्द चालू राहिले,
कधी मासे साफ करताना, कधी उगाच.

शिंपला परत आला नाही.
मोठा होता, कडेला जांभळा.

आता वल्हं माझ्या हातात.
परवा धुक्यात पुन्हा तीन झाडं दिसली,
धूर नव्हता.
माझी मुलगी निखाऱ्यावर ओणवी होती,
मान वर न करता तिने विचारलं,
थंडी वाजत असेल का गं त्यांना?

मी वल्हं मारत राहिले.
कुठल्या दिशेने, ते सांगत नाही.